घटका, अवधान आणि वाचन

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा मजकूर)



मराठी माणसाच्या आयुष्यातील अत्यंत गंभीर क्षणी जो एक शब्द त्याच्या कानावर पडतो, तो म्हणजे ‘सावधान’. बोहल्यावर अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या वधूवरांना भटजी हा शब्द वारंवार ऐकवतात. समर्थ रामदासांनी तो ऐकला आणि ते मंडपातून निघून गेले, अशी परंपरागत कथा घराघरांत सांगितली जाते. या शब्दाची फोड ‘स’ आणि ‘अवधान’ अशी आहे. अवधान म्हणजे एका ठिकाणी लावलेले लक्ष आणि सावधान म्हणजे त्या लक्षासह असलेला. पुढे व्यवहारात या शब्दाला ‘धोका आहे, जपा’ असा अर्थ चिकटला. मूळ अर्थ मात्र ‘मन येथे असू द्या’ एवढाच आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांजवळ जे मागतात, तेही हेच अवधान. द्रव्य नव्हे, मान नव्हे, केवळ लक्ष.

त्याच लग्नमंडपात पूर्वी आणखी एक वस्तू असे. पाण्याने भरलेल्या घंगाळात जोशीबुवा तांब्याची एक वाटी सोडीत. तिच्या बुडाला बारीक छिद्र असे. त्या छिद्रातून पाणी हळूहळू आत शिरे आणि वाटी भरून तळाशी गेली, की एक घटका झाली असे समजत. हेच घटिकापात्र. अहोरात्राच्या साठ घटका, म्हणजे एक घटका चोवीस मिनिटांची. दोन घटकांचा एक मुहूर्त, आणि एका घटकेची साठ पळे. ‘घटकाभर बसा’, ‘घटका भरत आली’ हे वाक्प्रचार त्या वाटीतूनच मराठीत आले. काळ मोजणारी वाटी आणि लक्ष मागणारा शब्द या दोन गोष्टी आपल्या पूर्वजांनी एकाच मंडपात शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. आजच्या व्याख्यानाचा विषय या दोहोंच्या संगतीचाच आहे. अल्प, मोजलेल्या वेळात एकच काम करून मनाची एकाग्रता रोज थोडी थोडी कशी वाढवावी, आणि त्यासाठी कोडी, बुद्धिबळ व ‘मेंदूचे खेळ’ यांचा कितपत उपयोग होतो, याचा येथे विचार करावयाचा आहे.

हा विषय ग्रंथालयाच्या शताब्दीत का घ्यावा, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर वाचनालयाच्या सभागृहातच मिळते. ग्रंथ घरी नेणारा सभासद पंधरा दिवसांनी तो परत करतो, तेव्हा खूण म्हणून घातलेली चिठ्ठी अनेकदा तिसऱ्या प्रकरणातच असते. पुस्तक आवडले नाही, असे तो म्हणत नाही. ‘बसवतच नाही हो हल्ली,’ असे म्हणतो. हे ‘बसवत नाही’ वार्धक्याचे लक्षण नव्हे, कारण तीच तक्रार महाविद्यालयीन विद्यार्थी करतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील प्राध्यापिका ग्लोरिया मार्क यांनी संगणकावर काम करणाऱ्या माणसांची दृष्टी एका पडद्यावर किती वेळ ठरते, हे अनेक वर्षे मोजले. २००४ मध्ये ती सरासरी अडीच मिनिटे ठरत होती. नंतरच्या काळातील मोजणीत हा अवधी सुमारे ४७ सेकंदांवर आला. जुन्या मापात सांगावयाचे तर ही दोन पळेसुद्धा नव्हेत. असे मन घेऊन चारशे पानांच्या कादंबरीसमोर बसणाऱ्या वाचकाची काय अवस्था होत असेल, हे वेगळे सांगावयास नको.

या दुखण्यावर जगभर सर्वांत अधिक पसरलेला उपाय इटलीतून आला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाचा एक विद्यार्थी अभ्यासात मन लागत नाही म्हणून त्रस्त झाला होता. त्याने स्वतःशीच पैज लावली, की काही मिनिटे तरी खरा अभ्यास करून दाखवावयाचा. वेळ मोजण्यासाठी त्याने स्वयंपाकघरातील, टोमॅटोच्या आकाराचे, मुदत संपताच वाजणारे घड्याळ घेतले. टोमॅटोला इटालियन भाषेत ‘पोमोदोरो’ म्हणतात, म्हणून या पद्धतीलाही तेच नाव पडले. तिचे नियम थोडे आहेत. एक काम ठरवून कागदावर लिहावे. घड्याळ पंचवीस मिनिटांना लावावे. ते वाजेपर्यंत दुसरे काहीही करू नये. वाजल्यावर कागदावर एक खूण करून तीन ते पाच मिनिटे विश्रांती घ्यावी, आणि अशा चार फेऱ्या झाल्यावर पंधरा ते तीस मिनिटांची मोठी विश्रांती घ्यावी. पंचवीस मिनिटांच्या फेरीचे तुकडे करावयाचे नाहीत. मध्येच ती मोडली, तर ती धरावयाची नाही आणि नव्याने आरंभ करावयाचा.

पंचवीस मिनिटांचा हा अवधी आणि चोवीस मिनिटांची घटका यांत एका मिनिटाचाच फरक आहे. यावरून ‘आमच्या पूर्वजांना हे सारे ठाऊकच होते’ असा अभिमान मिरवणे योग्य होणार नाही. घटका ही खगोलगणिताची सोय होती, एकाग्रतेचे माप नव्हे. चिरिल्लोची पंचवीस मिनिटेही अनुभवाने ठरलेली आहेत, कोणत्याही प्रयोगशाळेने दिलेली नाहीत. परंतु एवढ्या अवधीचे नाव ज्या भाषेत घरोघरी रूढ होते, त्या भाषेच्या माणसाला ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नाही, इतके निश्चित म्हणता येईल.

अल्प अवधीत काम का साधते, याची कारणे मात्र प्रयोगांनी बरीच स्पष्ट केली आहेत. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यासमोर बसणारे पहारेकरी काही वेळाने समोरचे संकेतही चुकवू लागत. केंब्रिजच्या नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास करून १९४८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याने एका कोऱ्या तबकडीवर फिरणारा काटा बसवला. काटा दर सेकंदाला एक पाऊल टाकी आणि क्वचित एकदम दोन पावलांची उडी मारी. ती उडी दिसताच कळ दाबावयाची, एवढेच काम दोन तास करावयाचे होते. पहिल्या अर्ध्या तासानंतरच पाहणाऱ्यांच्या चुका स्पष्टपणे वाढल्या. उलट, अर्धा तास काम आणि अर्धा तास विसावा अशी पाळी ठेवली, तेव्हा अचूकपणा टिकून राहिला. एकसुरी कामावर लक्ष आपोआप ओसरते. तो आळस नव्हे, मनाचा स्वभावच आहे.

२०११ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील आत्सुनोरी आरिगा आणि अलेहांद्रो येरास यांनी याच मुद्द्याला पुढे नेले. पन्नास मिनिटांच्या कंटाळवाण्या कामात ज्यांना दोन वेळा क्षणभर दुसरीकडे वळवले, त्यांचे लक्ष अखेरपर्यंत ढळले नाही. न थांबणाऱ्यांचे मात्र ढळले. विश्रांतीचा उपयोग केवळ थकवा घालवण्यापुरता नसावा. ध्येय क्षणभर बाजूला ठेवून पुन्हा हाती घेतल्याने ते ताजे होते, असे त्यांचे म्हणणे आहे. तथापि विश्रांती आणि विक्षेप यांत भेद आहे. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवले, की एक काम अर्धवट टाकून माणूस दुसऱ्याकडे वळला, तर पहिल्या कामाचा काही अंश मनात रेंगाळत राहतो आणि दुसरे काम बिघडते. म्हणून विश्रांतीच्या पाच मिनिटांत दूरध्वनी उघडून पाच जणांचे निरोप वाचणे ही विश्रांती नव्हेच. उठावे, पाणी प्यावे, खिडकीतून लांबवर पाहावे, चार पावले चालावे.

रोज थोडे करण्याचे महत्त्व यापूर्वीच कळले होते. हर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडिताने १८८५ मध्ये स्मरणावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. निरर्थक अक्षरांच्या माळा पाठ करण्याचा प्रयोग त्याने स्वतःवरच केला होता. एकाच बैठकीत ६८ वेळा घोकून जो लाभ झाला, तो तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्तींनी मिळाला. यापेक्षाही बोलके उदाहरण ब्रिटिश टपालखात्याचे आहे. तेथील कर्मचाऱ्यांना टंकलेखनाच्या कळा शिकवावयाच्या होत्या. ॲलन बॅडली आणि लाँगमन यांनी त्यांचे चार गट केले. कोणाला दिवसातून एक तास, कोणाला दोनदा एकेक तास, कोणाला एकदाच दोन तास, तर कोणाला दोनदा दोन दोन तास शिकवले. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की रोज एकच तास शिकणाऱ्यांना एकूण तास सर्वांत कमी लागले. मात्र हाच गट सर्वांत असंतुष्टही होता, कारण दिनदर्शिकेच्या हिशेबाने तो मागे पडलेला दिसत होता. थोडे थोडे शिकणाऱ्याची प्रगती पक्की असते, पण त्याला स्वतःला ती दिसत नाही. अनेक चांगले संकल्प पंधरा दिवसांत सुटतात, त्याचे हे एक मोठे कारण होय. म्हणूनच कागदावरील खुणांना महत्त्व आहे. मनाला न दिसणारी प्रगती त्या डोळ्यांना दाखवतात.

टपालखात्याचाच विषय निघाला, तर ॲन्थनी ट्रॉलप या इंग्रज कादंबरीकाराचे नाव घेणे उचित होईल. तो अनेक वर्षे टपालखात्यात नोकरी करीत होता. पहाटे साडेपाचला तो लिहावयास बसे, समोर घड्याळ ठेवी आणि दर पाव तासाला अडीचशे शब्द लिहिण्याचा दंडक पाळी. वेळेवर उठवून कॉफी देणाऱ्या नोकराला तो वर्षाला पाच पौंड अधिक देत असे, असे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे. ते आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील या घड्याळी शिस्तीची कथा वाचून काही समीक्षकांनी नाके मुरडली. प्रतिभा अशी तासांवर मोजता येते काय, असा त्यांचा आक्षेप होता. परंतु त्याच्या सत्तेचाळीस कादंबऱ्यांपैकी कित्येक आजही वाचल्या जातात.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सर्व कामांना एकच माप लावता येत नाही. बर्लिनच्या संगीत विद्यालयातील व्हायोलिनवादकांचा अभ्यास अँडर्स एरिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील उत्तम वादक एका बैठकीला साधारण दीड तास सराव करीत आणि मग विसावा घेत. ज्याचे मन विषयात पुरते रमले आहे, त्याला चोविसाव्या मिनिटाला घंटा वाजवून उठवणे म्हणजे झोपलेल्या मुलाला उठवून ‘झोप लागली का’ असे विचारण्यासारखे होईल. मोजलेली घटका ही आरंभ करण्याची युक्ती आहे. पोहावयास शिकणाऱ्याच्या पाठीला भोपळा बांधतात, तद्वतच ती होय. पोहता आले, की भोपळा सोडावा.

आता खेळांकडे वळू. ‘रोज शब्दकोडे सोडवा, बुद्धी तल्लख राहील’ असे घरोघरी सांगितले जाते. शब्दकोड्याचा आजचा अवतार फार जुना नाही. न्यूयॉर्क वर्ल्ड या वृत्तपत्राच्या २१ डिसेंबर १९१३ च्या अंकात आर्थर विन याने पहिले कोडे छापले. जपानी नावामुळे जपानचे समजले जाणारे सुडोकू मूळचे अमेरिकन आहे. हॉवर्ड गार्न्स याचे ते कोडे १९७९ मध्ये तेथील एका कोड्यांच्या मासिकात आले, १९८४ च्या सुमारास जपानमध्ये त्याचे नामकरण झाले, आणि नोव्हेंबर २००४ मध्ये लंडनच्या टाइम्सने ते छापू लागल्यावर जगभर त्याची साथ पसरली. २००५ मध्ये जपानी प्राध्यापक र्‍यूता कावाशिमा यांच्या नावाचा ‘मेंदूच्या व्यायामा’चा खेळ हातात मावणाऱ्या यंत्रावर निघाला आणि तेव्हापासून हा एक मोठा व्यापारच झाला.

या व्यापाराच्या मुळाशी एक जुनी समजूत आहे. मन हे दंडाच्या स्नायूसारखे आहे, आणि कशाचाही व्यायाम दिला तरी ते सर्वच कामांना बळकट होते, ही ती समजूत. तिची पहिली कसोटी विल्यम जेम्स या थोर अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर घेतली. १८९० च्या आपल्या ग्रंथात तो सांगतो, की त्याने व्हिक्टर ह्यूगोच्या एका कवितेच्या १५८ ओळी पाठ केल्या. त्याला सुमारे १३२ मिनिटे लागली. मग त्याने ३८ दिवस रोज वीस-बावीस मिनिटे काढून मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’चा पहिला सर्ग मुखोद्गत केला. एवढ्या व्यायामानंतर तो पुन्हा ह्यूगोकडे वळला आणि त्याच कवितेच्या पुढील १५८ ओळी पाठ करू लागला. या वेळी १५१ मिनिटांहून अधिक लागली! त्या वेळी आपण थकलेलो होतो, हे तो प्रांजळपणे सांगतो. म्हणून त्याने आणखी काही जणांकडूनही असेच प्रयोग करवले. कोणाची थोडी प्रगती दिसली. पण जेम्सचा निष्कर्ष असा, की सुधारते ती पाठ करण्याची रीत, मूळ धारणाशक्ती नव्हे. १९०१ मध्ये थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनीही दाखवले, की एका कामातील कौशल्य दुसऱ्या कामात उतरते ते दोहोंत जेवढे साम्य असेल तेवढेच.

बुद्धिबळाविषयीचा प्रयोग तर विशेष मनोरंजक आहे. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये निष्णात खेळाडूला खऱ्या डावातील मांडणी पाच सेकंद दाखवली. त्याने ती बहुतांशी जशीच्या तशी पुन्हा मांडली. नवशिक्याला चार-दोन मोहरीच आठवली. मग तीच मोहरी पटावर कशीही विस्कटून ठेवली, तेव्हा निष्णात आणि नवशिका जवळजवळ एकाच पातळीवर आले. निष्णाताची स्मृती मोठी नव्हती. त्याला हजारो डावांची ओळख होती, एवढेच.

२०१० मध्ये एड्रियन ओवेन व सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील ११,४३० लोकांना सहा आठवडे संगणकावरील बौद्धिक खेळ खेळावयास लावले आणि निष्कर्ष ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. लोक ज्या खेळांचा सराव करीत होते त्यांत पुढे गेले, पण सराव न केलेल्या, अगदी मिळत्याजुळत्या कसोट्यांतही त्यांना खास लाभ झाला नाही. पासष्टीच्या पुढील २,८३२ अमेरिकन नागरिकांवरील ‘ॲक्टिव्ह’ नावाच्या मोठ्या प्रयोगाचा पहिला अहवाल २००२ मध्ये आला. त्यातही ज्यांना स्मरणाचे शिक्षण दिले त्यांचे स्मरण, ज्यांना तर्काचे दिले त्यांचा तर्क आणि ज्यांना आकलनाच्या वेगाचे दिले त्यांचा वेग सुधारला. वेगाच्या सरावाने वार्धक्यातील स्मृतिभ्रंशाचे प्रमाण घटल्याचे याच प्रयोगाच्या २०१७ च्या एका अहवालात दिसले, आणि त्या दिशेने शोध घेणे योग्यच आहे. पण ते एका विशिष्ट, शास्त्रशुद्ध सरावाविषयी आहे. त्यावरून हरएक खेळाची जाहिरात खरी ठरत नाही. जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ‘लुमॉसिटी’ हा खेळसंच विकणाऱ्या कंपनीवर निराधार दाव्यांबद्दल कारवाई केली आणि तिने वीस लाख डॉलर भरून तडजोड केली.

मग खेळ टाकून द्यावेत काय? मुळीच नाही. खेळ हा आनंदासाठी आहे आणि आनंद ही लहान गोष्ट नव्हे. शब्दकोड्याने शब्द जिभेवर येतात. बुद्धिबळाच्या पटावर आजोबा आणि नातू तासभर समोरासमोर बसतात. मराठी मुलखात या खेळाची परंपराही उज्ज्वल आहे. सांगलीने त्याची मनापासून जोपासना केली, आणि वासंती खाडिलकर १९७४ मध्ये देशातील पहिल्या महिला विजेत्या ठरल्या. शिवाय ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणे दिली, त्यांत उच्च रक्तदाब, बहिरेपण, दृष्टिदोष आणि व्यायामाचा अभाव यांच्याबरोबर एकलकोंडे जीवनही आहे. तेव्हा वाचनालयात चार मित्रांबरोबर कोडे सोडवणे हे घरी एकट्याने पडद्याशी खेळण्यापेक्षा केव्हाही चांगले. आणि ज्यांना विसराळूपणा खरोखरच सतावू लागला आहे, त्यांनी कोड्यावर विसंबून न राहता वैद्याकडे जावे.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष एका वाक्यात असा, की ज्याचा सराव करावा, तेच वाढते. सुडोकू सोडवल्याने सुडोकू येते. वाचनाची एकाग्रता हवी असेल, तर तिला वाचनावाचून दुसरा व्यायाम नाही. आणि येथेच हा विषय महाराष्ट्राबाहेरच्या मराठी ग्रंथालयाच्या जिव्हाळ्याचा होतो. बडोद्यासारख्या गावी घरात मराठी, रस्त्यावर गुजराती आणि शाळेत इंग्रजी, अशी तीन भाषांची वाटणी असते. नववीतील एखादी मुलगी इंग्रजी पाठ भराभर वाचते आणि मराठी कथेच्या दुसऱ्या परिच्छेदाला अडखळून पुस्तक मिटते. वडील म्हणतात, ‘हिचे लक्षच नसते.’ वस्तुतः लक्ष असते, पण ते जोडाक्षरे उलगडण्यातच खर्ची पडते, आणि अर्थासाठी शिल्लक राहत नाही. इंग्रजीचे वाचन कितीही वाढले, तरी ही अडचण त्याने दूर होणार नाही. मराठीच्या वाचनानेच ती दूर होईल. एक पिढी अशी अडखळत गेली, तर पुढची पिढी कपाटांसमोर नुसती उभी राहील. ग्रंथ वाळवीने जातात, तसेच ते वाचता न आल्यानेही जातात, आणि दुसऱ्या प्रकारची हानी कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही.

ज्या नगरीत सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला पाचारण करून गावोगावी वाचनालयांचे जाळे विणले, तेथे हे काम अशक्य मानण्याचे कारण नाही. महाराजांनी ओळखले होते, की शाळेत मिळवलेली अक्षरओळख वाचनावाचून पुसली जाते. म्हणून त्यांनी शाळेच्या पाठोपाठ वाचनालय उभे केले. आज त्याच विचाराच्या पाठोपाठ वाचनाची घटका उभी करावयाची आहे.

तिची योजना साधी असावी. सायंकाळी वाचनालयात ठरावीक वेळी एक घंटा व्हावी आणि चोवीस मिनिटे सभागृहात कोणी बोलू नये. प्रत्येकाने एकच पुस्तक घेऊन बसावे. दूरध्वनी दाराशी ठेवलेल्या फळीवर ठेवावा. टेबलावर कोरी चिठ्ठी असावी. वाचताना ‘विजेचे बिल भरावयाचे राहिले’ असा विचार आला, तर तो चिठ्ठीवर टिपून पुन्हा पानाकडे वळावे. टिपलेला विचार सहसा पुन्हा छळत नाही. दुसरी घंटा झाली, की पाच मिनिटे ओसरीवर यावे. ज्यांना शक्य असेल त्यांनी दुसऱ्या घटकेला बसावे. ज्यांना चोवीस मिनिटेही जड जातात, त्यांनी अर्ध्या घटकेपासून आरंभ करावा आणि त्यात कमीपणा मानू नये. ग्रंथपालांनी हजेरीची वही ठेवावी, पण तीत पानांची संख्या लिहू नये. केवळ घटकेची एक रेघ मारावी, म्हणजे स्पर्धा होणार नाही आणि सातत्य डोळ्यांना दिसेल.

मुलांसाठी जुन्या परवच्याची आठवण ठेवावी. दिवेलागणीला पाढे, पावकी, निमकी, सवायकी आणि चार श्लोक मोठ्याने म्हणण्याची ही रीत घराघरांत होती. ती थोडा वेळ चाले, ठरावीक वेळी चाले आणि सर्वांसमक्ष चाले, म्हणूनच ती टिकली. आज त्याच वेळी आजीसमोर बारा मिनिटे मोठ्याने मराठी वाचन झाले, तर जोडाक्षरांचे अडथळे काही महिन्यांत दूर होऊ लागतील. चुकले तर आजीने शब्द सांगावा आणि पुढे जाऊ द्यावे. व्याकरणाचा तास त्या वेळी घेऊ नये. वाचून झाल्यावर ‘काय झाले गोष्टीत?’ एवढाच प्रश्न विचारावा. पुस्तक मिटून आठवण्याचा हा प्रयत्न वाचलेले पक्के करतो.

आता थोडा हिशेब मांडू. रोजची एक घटका म्हणजे वर्षाची ८,७६० मिनिटे, अर्थात १४६ तास होतात. एका पानाला दोन मिनिटे धरली, तर रोज बारा पाने आणि वर्षाला ४,३८० पाने. साडेतीनशे पानांचे एक पुस्तक धरल्यास हे बारा ग्रंथ झाले, दरमहा एक. ‘वेळ नाही’ म्हणणारा गृहस्थ चोवीस मिनिटे दिवसभरात कोठे कोठे सांडतो, हे त्याचे त्यालाच ठाऊक असते. साठ घटकांपैकी एकोणसाठ संसाराला देऊन उरलेली एक स्वतःसाठी ठेवणे हा काही मोठा त्याग नव्हे.

ग्रंथालयाची शंभर वर्षे ही इमारतीची किंवा कपाटांची शंभर वर्षे नव्हेत. या शतकात कोणी दुपारी दुकान बंद ठेवून, कोणी कचेरीतून परतताना, कोणी मुलांना झोपवून जी घटकाभर पाने उलटली, त्यांची ती बेरीज आहे. वर्गणीदारांनी दिलेल्या रुपयांचा हिशेब वार्षिक अहवालात असतो, पण त्यांनी दिलेल्या अवधानाचा हिशेब कोठेच छापलेला नाही. तरीही संस्था उभी आहे ती त्याच भांडवलावर. दुसऱ्या शतकाच्या आरंभी सभासदांनी या संस्थेला मोठी देणगी दिली, तर ती अवश्य स्वीकारली जाईल. पण तिच्यापेक्षाही मोलाची देणगी प्रत्येकाच्या हाती आहे. उद्या सायंकाळी यावे, कपाटातून अर्धवट राहिलेले ते एक पुस्तक काढावे, तिसऱ्या प्रकरणातील चिठ्ठी शोधावी आणि पहिली घंटा होताच सावधान व्हावे.